सळाखीच्या पोटात काय चाललेलं असतं

दिवाळी झाली की नागपुरात बांधकामाला जोर येतो, आणि माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर सळाखीचे फोटो यायला लागतात. कुणी बेसा-पिपळ्याकडे प्लॉट घेतलेला असतो, कुणी मानेवाड्यातलं जुनं घर पाडून नवीन बांधून राहिलं असतं, आणि प्रश्न सगळ्यांचा एकच, कोणत्या कंपनीचा लोहा घेऊ? मी मेटलर्जी शिकलो, हिंगणा एमआयडीसीत हीट ट्रीटमेंट आणि टेस्टिंगच्याच कामात असतो, म्हणून विचारतात. कंपनीचं नाव मी कुणालाच सांगत नाही, पण त्या सळाखीच्या आत काय आहे आणि ती साइटवर आल्यावर तिचं काय काय करायचं नाही हे मात्र अर्धा तास बसवून सांगतो. तेच आज इथे लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवता येईल.

माझं म्हणणं एवढंच आहे की लोखंडात कार्बन किती, मँगनीज किती हे कागदावर लिहिलेलं असतं आणि ते महत्त्वाचं आहेच, पण त्याच केमिस्ट्रीचे दोन तुकडे घेतले तर एक हाताने वाकेल आणि दुसरा टिचकन तुटेल असं होऊ शकतं, कारण त्याला किती ठोकलं, ओढलं, पिळलं, किती तापवलं आणि किती वेगाने थंड केलं यावर आतली रचना ठरते, आणि ताकद त्या रचनेत असते.

ही रचना बघायची कशी ते आधी सांगतो, कारण मला स्वतःला या कामाचा हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. सळाखीचा बोटभर तुकडा कापायचा, तोही पाणी सोडत सोडत, कारण कापताना तापला तर जे बघायचं तेच बदलून जातं. मग प्रेसमध्ये बेकेलाइटच्या पावडरीत तो बसवायचा म्हणजे हातात नीट धरता येतो. मग पॉलिश पेपर, २२०, ४००, ६००, पुढे हजार, बाराशे, आणि दर पेपरला सॅम्पल ९० अंशात फिरवायचं, म्हणजे मागच्या पेपरचे ओरखडे आडवे दिसतात आणि ते पूर्ण गेले की नाही ते कळतं. इथे घाई करणाऱ्याला शेवटी सगळं परत करावं लागतं. मग मखमली कापडाच्या फिरत्या चकतीवर अल्युमिनाचं पाणी टाकून घासत राहायचं, तोंड दिसेल इतकं चकचकीत होईपर्यंत. आता मायक्रोस्कोपखाली ठेवलं तर काहीच दिसत नाही, नुसता पांढरा उजेड, मध्ये कुठेतरी सल्फाइडचे काळे ठिपके. मग नायटल, म्हणजे अल्कोहोलमध्ये दोन टक्के नायट्रिक अ‍ॅसिड. काही सेकंद बुडवलं की चमक जाऊन पृष्ठभागावर दुधी झाक येते, तोच क्षण पकडायचा, लगेच पाण्याखाली धरायचं, अल्कोहोलने धुवायचं, ड्रायरने वाळवायचं. आणि मग लेन्सखाली सगळं उघडतं. साध्या माइल्ड स्टीलमध्ये, म्हणजे कमी कार्बनच्या स्टीलमध्ये, पांढरे पांढरे दाणे दिसतात, ते फेराइट, त्यांच्या मधल्या काळ्या रेषा म्हणजे दाण्यांच्या सीमा, आणि अधूनमधून गडद डाग, ते पर्लाइट. पर्लाइटवर मॅग्निफिकेशन वाढवलं की त्यात एकाआड एक पट्ट्या दिसतात, फेराइट आणि सिमेंटाइटच्या. सिमेंटाइट म्हणजे लोखंड आणि कार्बनचं कडक संयुग, एक कार्बाइड. हे असं अ‍ॅसिड लावून स्टीलच्या आत बघायची सुरुवात शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बीने १८६३-६४ च्या सुमारास केली, आणि पद्धत मुळात अजून तीच आहे.

हा प्रत्येक दाणा म्हणजे एक क्रिस्टल, त्यात अणू ओळीत बसलेले. पण ओळी परफेक्ट नसतात, मध्येच एखादी अर्धी ओळ घुसलेली असते, जी आत जाऊन संपून जाते. तिला डिसलोकेशन म्हणतात. धातू वाकतो तो यांच्यामुळे, कारण सगळे अणू एकदम सरकवायला प्रचंड जोर लागला असता, पण डिसलोकेशन एका वेळी एकेक बंध तोडत जोडत पुढे जातं आणि थोड्या जोरात काम होतं. टेलर, ओरोवान आणि पोलानी या तिघांनी १९३४ साली वेगवेगळं काम करून हेच सांगितलं, त्याआधी धातू हिशोबापेक्षा इतका कमजोर का निघतो हे कोडंच होतं. आता थंड धातूला ठोकलं किंवा ओढलं की काय होतं, ही डिसलोकेशन्स भराभर वाढतात. चांगल्या मऊ केलेल्या धातूत एका चौरस सेंटिमीटरमध्ये दहा लाखांच्या आसपास असतील तर भरपूर ठोकल्यावर तीच दहा हजार कोटींच्या वर जातात. आणि संध्याकाळी बर्डीच्या बाजारात गर्दीत जसं होतं, प्रत्येकाला पुढे जायचंय पण समोरचा हलत नाही, तसं ती एकमेकांच्या वाटेत अडकतात. कुणी सरकत नाही म्हणून धातू वाकत नाही, म्हणजेच तो कडक झाला. दाण्यांच्या सीमासुद्धा अशाच अडवतात, म्हणून दाणे जितके बारीक तितका धातू मजबूत, हे हॉलने १९५१ मध्ये आणि पेचने १९५३ मध्ये मोजून दाखवलं. बारीक दाण्याची खासियत अशी की त्यात ताकद वाढते आणि चिवटपणाही वाढतो, बाकी जवळजवळ सगळ्या उपायांत एक मिळवलं की दुसरं जातं.

आता घरातलं उदाहरण. धर्मपेठ, रामदासपेठ, लक्ष्मीनगर इकडची जुनी घरं सध्या पाडून फ्लॅट स्कीम चालू आहेत, तिथे मलब्यात निघालेला लोहा नीट बघा. त्यावर लांब लांब पिळ्याच्या धारा दिसतील. ती टोर सळाख. साठच्या दशकापासून पुढची बरीच वर्षं आपल्याकडे हीच चालली. साधी माइल्ड स्टीलची सळाख, जिचं यील्ड, म्हणजे ज्या ताणाला ती कायमची ताणली जायला लागते तो आकडा, अडीचशे मेगापास्कलच्या आसपास, ती थंडीच मशीनवर धरून पिळायची. पिळल्याने आत डिसलोकेशन्स वाढतात, अडकतात आणि यील्ड ४१५ ला जातं. केमिस्ट्री तीच, भट्टी नाही, पाणी नाही, नुसता पीळ. त्या काळात स्टील कमी होतं आणि महाग होतं तेव्हा या युक्तीने देशाचं किती लोखंड वाचलं असेल याचा मला खरंच आदर वाटतो. पण किंमत होती, जी वाकण्याची क्षमता होती ती पिळण्यात आधीच खर्च झालेली, आणि पोटात ताण राहून गेलेला, त्यामुळे गंजही लवकर धरायचा.

हा अडकलेला कारभार मोकळा करायचा उपाय म्हणजे उष्णता. तापवलं की अणूंना हलायला बळ मिळतं. आधी डिसलोकेशन्स आपापसात जुळवून घेतात, काही एकमेकांना मिटवून टाकतात, ही रिकव्हरी, यात दाणे बदलत नाहीत पण आतला ताण बराच उतरतो. अजून तापवलं की जुन्या चेपलेल्या दाण्यांमध्ये नवीन, स्वच्छ, बारीक दाणे उगवतात आणि जुने खाऊन टाकतात, हे रीक्रिस्टलायझेशन. आणि तरीही तापवत राहिलात तर नवीन दाणे एकमेकांना गिळत मोठे होतात, आणि मिळवलेलं सगळं घालवून बसता. भट्टीवाल्याची कसब इथेच, कुठे थांबायचं.

साइटवर हे दोन्ही एकाच ठिकाणी बघायला मिळतं. खिळा आणि बाइंडिंग तार. दोन्ही कमी कार्बनचं जवळपास एकच स्टील, दोन्ही डायमधून थंड ओढलेल्या तारेचे. खिळ्याची तार ओढून तशीच ठेवतात, म्हणून ठोकताना तो वाकत नाही, बाइंडिंग तार ओढल्यावर भट्टीत मऊ करतात, म्हणून सेंट्रिंगवाला आकड्याने दोन वेढे देतो आणि ती गप बसते. घरी करून बघा, मुलांना दाखवायला छान आहे. बाइंडिंग तार एकाच जागी मागेपुढे वाकवत राहा, तिसऱ्या-चौथ्या वेळी ती जागा सोडून बाजूला वाकायला लागेल, कारण तेवढी जागा कडक झाली, आणि मग तिथेच तुटेल. उलट एक साधा खिळा सांडशीत धरून गॅसवर लालभडक करा आणि हवेतच सावकाश थंड होऊ द्या, मग पक्कडने वाकवा, काही जोर लागत नाही. खिळा साधाच घ्या मात्र, काँक्रीटमध्ये ठोकायचा जो काळा स्टीलचा खिळा येतो त्यात कार्बन जास्त असतो, त्याची गोष्ट वेगळी.

इथे लोकं हमखास विचारतात, नागपूरच्या ४६-४७ डिग्रीच्या उन्हात महिनाभर पडलेला लोहा नरम पडतो का. नाही पडत. स्टीलमध्ये नवीन दाणे उगवायला साधारण ४५० ते ६०० डिग्री लागतात, आपलं ऊन त्याच्या जवळपासही नाही. शिशाचं मात्र तसं नाही, ते साध्या खोलीच्या तापमानालाच रीक्रिस्टलाइझ होतं, म्हणून शिसं कितीही ठोका, कडक होतच नाही. पण उन्हाचा एक परिणाम स्टीलवर होतो, तो पुढे सांगतो, तो फार कामाचा आहे.

आतापर्यंतचं सगळं जवळपास कुठल्याही धातूला लागू आहे. लोखंडाकडे आणखी एक गोष्ट आहे जी तांब्या-पितळेकडे नाही, ते तापवल्यावर अणूंची मांडणीच बदलतं. शुद्ध लोखंड ९१२ डिग्रीला बदलतं, कार्बन असलेल्या स्टीलमध्ये हे ७२७ लाच सुरू होतं. वरच्या मांडणीला ऑस्टेनाइट म्हणतात आणि तिच्यात कार्बन आरामात मावतो, दोन टक्क्यांपर्यंत. खालच्या फेराइटमध्ये जागाच नाही, ०.०२ टक्क्याच्या आसपास. सावकाश थंड केलं तर कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळतो आणि त्या पट्ट्यापट्ट्यांचं पर्लाइट बनतं. एकदम पाण्यात घातलं तर कार्बन आतच कोंडला जातो, अणूंची जाळी ताणली जाते, आणि बनतं मार्टेन्साइट, जर्मनीच्या अडोल्फ मार्टेन्सच्या नावावरून. ते प्रचंड कडक आणि, कार्बन जास्त असेल तर, तेवढंच ठिसूळ. म्हणून पोळ्याच्या आधी वखराची पास किंवा कुऱ्हाड पाजवून देणारा लोहार तिला पाणी दिल्यावर तशीच हातात देत नाही, धार घासून उजळ करतो, मागून उष्णता चढू देतो आणि रंग बघत बसतो. गवती पिवळा म्हणजे साधारण २२०-२३०, जांभळा २८० च्या आसपास, निळा ३०० च्या पुढे. पाहिजे तो रंग धारेवर आला की परत बुडवतो. त्या वेळात कोंडलेला थोडा कार्बन बाहेर पडून बारीक कार्बाइड बनतात आणि ठिसूळपणा जातो. हे टेम्परिंग. थर्मोमीटर नसताना माणसाने हे नुसत्या नजरेने साधलं याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

पाण्यात बुडवलं की धातू कडक होतो असं मात्र धरून चालू नका. इतवारीत किंवा भंडाऱ्यात भांडी ठोकणाऱ्यांना विचारा, तांबं ठोकून ठोकून कडक झालं की ते लाल करतात आणि सरळ पाण्यात टाकतात, तरी मऊच निघतं, कारण त्यात मांडणी बदलायचा प्रकारच नाही, नवीन दाणे तापतानाच उगवून झालेले असतात. आणि तिसरा प्रकार तर आपल्या घराजवळचा. काटोल रोडवर मॉयल या मँगनीज काढणाऱ्या सरकारी कंपनीचं मुख्यालय आहे, आपल्या मनसर-कांद्री पट्ट्यात, भंडारा-बालाघाटकडे मँगनीजच्या खाणी आहेत. स्टीलमध्ये एक-सव्वा टक्का कार्बन आणि १२-१३ टक्के मँगनीज घातलं की ते हॅडफिल्ड स्टील, रॉबर्ट हॅडफिल्डने १८८२ मध्ये शोधलेलं. हजार-अकराशे डिग्रीवरून पाण्यात टाकलं की ते ऑस्टेनाइटच राहतं, म्हणजे चिवट आणि तसं नरम, ब्रिनेल कडकपणा दोनशेच्या आसपास. पण मार बसायला लागला की वरचा थर पाचशेपर्यंत जातो, आतलं चिवट ते चिवटच राहतं. म्हणून रेल्वेचे रूळ एकमेकांना छेदतात त्या क्रॉसिंगमध्ये, जिथे चाक आपटतं तिथे हे वापरतात, आणि गिट्टी फोडायच्या क्रशरच्या जबड्यातही. जितका मार खाईल तितकं मजबूत होणारं स्टील, आणि त्याचा कच्चा माल आपल्या जिल्ह्यात, शाळेत हे कुणी का शिकवत नाही कळत नाही.

असो, टीएमटी, म्हणजे थर्मो-मेकॅनिकली ट्रीटेड सळाखीवर येतो, कारण घर बांधणाऱ्याला तेच पाहिजे. मिलमध्ये शेवटच्या रोलमधून सळाख हजार डिग्रीच्या आसपास लाल निघते, म्हणजे सगळं ऑस्टेनाइट. लगेच पाण्याच्या नळीतून जोरात पाणी मारत तिला नेतात, अगदी सेकंद-दोन सेकंदाचं काम. तेवढ्यात फक्त वरचा थर गार होऊन मार्टेन्साइट बनतो, गाभा अजून लालच. बाहेर आल्यावर गाभ्याची उष्णता बाहेर येते आणि तोच वरचा थर पुन्हा सहाशेच्या आसपास तापतो, म्हणजे लोहार जे मागच्या उष्णतेने करतो तेच टेम्परिंग इथे आपोआप होऊन जातं. मग कूलिंग बेडवर गाभा सावकाश थंड होतो आणि त्याचं फेराइट-पर्लाइट बनतं. बाहेर मजबूत कडं, आत वाकणारा गाभा, मध्ये एक पातळसा मिश्र थर. शिवाय कार्बन कमी, आयएस १७८६ या सळाखींच्या भारतीय मानकाप्रमाणे एफई ५०० या ग्रेडला जास्तीत जास्त ०.३० टक्के, ५०० डी ला ०.२५, म्हणून इथलं मार्टेन्साइट कानशीसारखं ठिसूळ नसतं. जी ताकद टोरमध्ये पिळून मिळवायची आणि लवचीकपणा गमवायचा, ती इथे पाण्याने मिळते आणि ताणल्यावर एफई ५०० किमान १२ टक्के, ५०० डी किमान १६ टक्के लांबली पाहिजे अशी अट पाळता येते.

कापलेला तुकडा पॉलिश करून नायटल लावलं की हे कडं नुसत्या डोळ्याने दिसतं, बाहेर गडद गोल, आत फिकट. ते सगळीकडून बंद आणि साधारण सारख्या जाडीचं असलं पाहिजे. आमच्याकडे असे तुकडे येतात ज्यात एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला जवळपास गायब, किंवा कडंच नाही, म्हणजे पाणी नीट लागलेलंच नाही. वरून बघून दोन्ही सळाखी सारख्याच दिसतात, रिब्स त्याच, छाप तोच. माझा जीव इथे तुटतो, कारण माणूस आयुष्यभराची जमा घरात घालतो.

आणि चांगलं कडं असलेली सळाखही साइटवर खराब करता येते. एका साइटवर मी बघितलं, जाड २५ एमएमची सळाख वाकत नव्हती तर मिस्त्री गॅस कटरने ती लाल करून राहिला होता. मी म्हटलं, भाऊ, हे काहून करता? तर तो म्हणाला, "थंडी वाकवली तर तडकते नं भाऊ, गरम केली की कशी लगेच येते." लगेच येते ते खरं, कारण तिथलं टेम्पर झालेलं कडं संपलं. ७२७ च्या वर गेली आणि हवेत थंड झाली की बाहेरही फेराइट-पर्लाइटच, म्हणजे तेवढी जागा परत साधी सळाख झाली, आणि ती जागा नेमकी सळाख वाकते तिथलीच, जिथे ताण. मी त्याला दोन तुकडे कापून घेतले, एक गरम केलेला, एक तसाच, आणि दुसऱ्या दिवशी नायटल लावून कडं दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला आणि मग म्हणाला, "हे तर कोणी सांगितलंच नाही आम्हाले." खरंच कोणी सांगत नाही. तेव्हा सळाख थंडीच वाकवा, योग्य जाडीच्या पिनवर, झटका न देता, आणि तरी तडकत असेल तर ती परत करा, गरम करू नका.

आता उन्हाची ती गोष्ट. आपल्याकडे वरच्या माळ्यासाठी कॉलमच्या सळाखी गच्चीवर सोडून ठेवायची पद्धत आहे. मुलांना लागू नये म्हणून त्या वाकवतात, चार-पाच वर्षांनी पैसे जमले की पाइप घालून सरळ करतात. वाकवल्यावर तिथे डिसलोकेशन्स वाढलेली, आणि स्टीलमधले कार्बन-नायट्रोजनचे छोटे अणू हळूहळू सरकत त्यांच्याजवळ जाऊन बसतात आणि त्यांना जखडून टाकतात. कॉट्रेल आणि बिल्बी यांनी १९४९ मध्ये हे समजावलं. याला स्ट्रेन एजिंग म्हणतात. जितकं तापमान जास्त तितकं हे लवकर, आणि नागपूरच्या गच्चीवर मे महिन्यात लोखंडाला हात लावून बघा. त्या जागी सळाख कडक आणि ठिसूळ होते, आणि सरळ करताना आतल्या बाजूने तडा जाऊ शकतो. आयएस १७८६ मधली रीबेंड टेस्ट याचसाठी आहे, सळाख वाकवायची, उकळत्या पाण्यात अर्धा तास ठेवायची म्हणजे जे महिन्यांमध्ये होतं ते लवकर घडतं, थंड करायची आणि मग उलटी सरळ करायची, तडा दिसला तर नापास. म्हणून वरच्या माळ्याच्या सळाखी वाकवूच नका. सरळच ठेवा, वर प्लास्टिकच्या टोप्या घाला, सिमेंटचा घोळ लावा किंवा हलक्या काँक्रीटमध्ये झाकून टाका, गंजापासूनही वाचतील.

लोहा घेताना दुकानदाराकडून टेस्ट सर्टिफिकेट मागा, त्यावरचा हीट नंबर, म्हणजे भट्टीच्या घाण्याचा नंबर, आणि बंडलच्या टॅगवरचा नंबर जुळतो का बघा, यील्डच्या शेजारचा इलाँगेशनचा, म्हणजे ताणल्यावर किती टक्के लांबते तो आकडाही वाचा, लोकं तो बघतच नाहीत. आणि प्रत्येक जाडीचा वीतभर तुकडा कापून कुठल्याही मेटलर्जीच्या लॅबमध्ये द्या, म्हणावं कडं दाखवा. नायट्रिक अ‍ॅसिड आणून घरी करू नका. तुकडा कटरने नाही, हॅकसॉने कापा, पाणी टाकत टाकत.